डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ की दोन्ही मिळून? राउटरच्या एका रकान्याचा निर्णय

राउटरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी' नावाचा एक रकाना असतो. तो उघडला की ओपन, डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ आणि डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र असे पर्याय दिसतात. ओपन सोडला तर बाकी सगळी वाय-फायला कुलूप लावण्याच्या पद्धतींची नावं. बहुतेक जण आधीपासून निवडलेलं असेल तेच ठेवतात आणि पुढे जातात.

यातले दोन पर्याय तर लगेच बाजूला काढता येतात. ओपन म्हणजे कुलूपच नाही. डब्ल्यूईपी १९९७ सालचं. त्यातली खोट २००१ मध्ये उघड झाली आणि २००७ पर्यंत ते मिनिटाभरात फोडण्याची पद्धत प्रसिद्ध झाली होती. राउटरमध्ये याहून चांगलं काहीच नसेल, तर सेटिंग नव्हे, राउटर बदला. खरा प्रश्न उरतो तो तीन पर्यायांचा.

आधी एक साधी गोष्ट. तारेतून जाणारा डेटा चोरायचा तर तारेपर्यंत पोहोचावं लागतं. वाय-फायचा सिग्नल मात्र भिंतीपलीकडेही जातो आणि तो टिपून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून वाय-फायच्या पासवर्डला दोन कामं असतात: आत कुणाला घ्यायचं ते ठरवणं, आणि हवेतून जाणारं बोलणं बाहेरच्याला कळू न देणं. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ ही दोन्ही कामं करतात, पण सारखी नाही.

डब्ल्यूपीए२ आलं २००४ मध्ये. फोन जोडला जाताना राउटर आणि फोन यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते, तिला हँडशेक म्हणतात. पासवर्ड स्वतः कधीच हवेत जात नाही, ही जमेची बाजू. पण तो हँडशेक कुणी टिपला, तर तो निवांत घरी बसून पासवर्डचे अंदाज त्याच्याशी ताडून पाहू शकतो. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. हँडशेकची वाटही पाहावी लागत नाही. 'जोडणी तोड' असा खोटा निरोप पाठवला की फोन सुटतो, लगेच पुन्हा जोडला जातो, आणि हवा तो हँडशेक हाती येतो.

अंदाज बांधणं महाग पडावं म्हणून डब्ल्यूपीए२ प्रत्येक पासवर्ड नेटवर्कच्या नावासह ४,०९६ वेळा घुसळून काढतं. तरीही एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासतं. आता हिशेब करा. आठ आकडी संख्या असतात दहा कोटी, म्हणजे दोन मिनिटांचंही काम नाही. पासवर्ड म्हणून दहा आकडी फोन नंबर ठेवला असेल तर तीन तासही लागत नाहीत. उलट एकमेकांशी संबंध नसलेले, खरोखर कसेही उचललेले पाच-सहा शब्द जोडून केलेला पासवर्ड असेल, तर हाच हिशेब हल्लेखोराच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणजे डब्ल्यूपीए२ची ताकद जवळजवळ सगळी तुमच्या पासवर्डात आहे.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ने नेमकी हीच दुखरी जागा धरली. त्यात टिपलेल्या संभाषणावरून घरी बसून अंदाज तपासता येत नाहीत. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष बोलावं लागतं, त्यामुळे वेग सेकंदाला लाखोंवरून मोजक्या प्रयत्नांवर येतो. जोडणी तोडणारे खोटे निरोप ओळखण्याची सोयही सक्तीची आहे. डब्ल्यूपीए२मध्ये ती ऐच्छिक होती. मला सर्वात मोलाचा वाटतो तो तिसरा फरक. डब्ल्यूपीए२मध्ये पासवर्ड माहीत असलेला माणूस, म्हणजे कधीकाळी येऊन गेलेला पाहुणासुद्धा, हँडशेक टिपून इतरांचं बोलणं उलगडू शकतो. डब्ल्यूपीए३मध्ये पासवर्ड हाती आला तरी आधी टिपलेलं उलगडत नाही. (संकेतस्थळं आता बहुतांशी स्वतःच डेटा सांकेतिक करतात, म्हणून हा धोका पूर्वीइतका मोठा नाही. पण कोणत्या संकेतस्थळांवर जाता हे तरीही बरंचसं कळतं.)

डब्ल्यूपीए३ निर्दोष आहे असं नाही. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२च्या हँडशेकमध्ये क्रॅक नावाची त्रुटी सापडली, तर २०१९ मध्ये डब्ल्यूपीए३मध्ये ड्रॅगनब्लड. दोन्हींवर सॉफ्टवेअर अपडेटने उपाय निघाले. म्हणून ज्या राउटरला अपडेट येणं बंद झालंय, त्यात डब्ल्यूपीए३ असल्याचा आनंद बेतानेच मानावा.

मग मिश्र पर्याय? सोयीचा आहे, जुनी-नवी सगळी उपकरणं चालतात. पण दोन्ही पद्धतींना पासवर्ड एकच असतो. एखादा जुना प्रिंटर डब्ल्यूपीए२ने जोडला गेला की त्याचा हँडशेक टिपता येतो, त्यावरून पासवर्ड शोधता येतो, आणि मग त्याच पासवर्डाने डब्ल्यूपीए३च्या दारातूनही आत येता येतं. पुढच्या दाराला नवं कुलूप लावून मागच्या दाराची कडी जुनीच ठेवावी, तसं हे. त्यातही पासवर्ड लांब असेल तर चालून जातं.

माझी पसंती वेगळी आहे. मुख्य नेटवर्क फक्त डब्ल्यूपीए३वर ठेवा. जे उपकरण त्याला जोडलं जात नाही (बहुधा जुना कॅमेरा, बल्ब किंवा प्रिंटर), ते गेस्ट नेटवर्कवर (त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) डब्ल्यूपीए२ आणि वेगळ्या पासवर्डाने टाका. अडचण एकच: गेस्ट नेटवर्क सहसा मुख्य नेटवर्कपासून तोडलेलं असतं, त्यामुळे लॅपटॉपला प्रिंटर दिसणार नाही. प्रिंटरला तारेची सोय असेल तर राउटरला तारेने जोडा, प्रश्न मिटला. राउटर वेगवेगळ्या नेटवर्कला वेगळी सिक्युरिटी देत नसेल, तर लांब पासवर्डासह मिश्र पर्याय घ्या. राउटर डब्ल्यूपीए३ देतच नसेल तर डब्ल्यूपीए२ एईएस (एईएस आणि टीकेआयपी हे डेटा सांकेतिक करण्याचे दोन प्रकार). टीकेआयपी नको, ते कमकुवत आहे आणि वेगही ५४ एमबीपीएसवर अडकवतं.

सहा गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा (वाय-फायचा नवा रेडिओ-पट्टा) राउटर घेणार असाल, तर त्या पट्ट्यावर डब्ल्यूपीए२ चालतच नाही.

निर्णय कोणताही घ्या, डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण दाबून किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक पत्त्यांची (प्रत्येक उपकरणाच्या ओळख-क्रमांकांची) यादी करून फक्त त्यांनाच आत घेणं यांत मात्र वेळ घालवू नका. दोन्ही गोष्टी हवेत उघड्याच फिरत असतात, आणि मॅक पत्ता तर कुणालाही उसना घेता येतो.