खरकट्यावर पेटणारी शेगडी: चौदा महिन्यांचा अनुभव

नाशिकला मखमलाबाद रोडला आमचं रो-हाउस आहे आणि मी घरूनच जेवणाचे डबे देते. रोजचे तीस डबे. एवढ्यामागे दिवसाला सहा-सात किलो ओला कचरा निघतो: भाज्यांची देठं, सालं, भाताची खरवड, परत आलेल्या डब्यांतलं उरलंसुरलं. घंटागाडी नेमकी मी पोळ्यांना बसलेली असते तेव्हा येते, निम्म्या वेळा चुकते, मग ती बादली दुसऱ्या दिवसापर्यंत घरभर वास मारते. गेल्या वर्षी जुलैत घराशेजारच्या बोळात बायोगॅस बसवला तो या बादलीला कंटाळून. पर्यावरण वगैरे मनात नंतर आलं.

खाली दोन हजार लिटरची टाकी, तिच्यात उपडी घातलेली जरा लहान टाकी. गॅस धरला की वरची टाकी हळूहळू उचलली जाते, वापरला की खाली बसते. एका तोंडाने पाण्यात कालवलेला कचरा ओतायचा, दुसऱ्या तोंडाने तेवढीच मळी, म्हणजे कुजून उरलेला पातळ गाळ, बाहेर. पाइप आणि शेगडी धरून ४२,००० रुपये मोजले. विकणाऱ्याने दोन वाक्यं छातीठोकपणे सांगितली होती. एक, 'ताई, काहीही टाका, टाकी पचवते.' दोन, 'दीड वर्षात पैसे वसूल.' दोन्ही खोटी निघाली. त्याचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण टाकी स्वतः चांगली आहे. माणूस मात्र पैसे घेतल्यावर एकदाच फिरकला.

सुरुवात शेणाने करावी लागते. जवळच्या गोठ्यातून छोटा हत्ती टेम्पोत तीनशे किलो शेण आणलं, तेवढ्याच पाण्यात कालवून टाकीत सोडलं. सासूबाई म्हणाल्या, 'म्हणजे हे विरजणच की!' अगदी तेच. मिथेन, म्हणजे जळणारा वायू, तयार करणारे जिवाणू शेणात आयते असतात, ते टाकीत रुजले की मग खरकट्याचं जेवण सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात टाकी उचलली गेली म्हणून आम्ही हौसेने काडी लावली, तर काडीच विझली. सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड फार असतो, तो सोडूनच द्यायचा. सतराव्या दिवशी निळी ज्योत धरली. त्या दिवशी तिच्यावर पहिला चहा केला आणि बोळातच उभं राहून प्यायलो.

खरकट्यातून शेणापेक्षा जास्त गॅस का मिळतो हे मला नीट कळायला वेळ लागला. शेण म्हणजे गुराने सत्त्व काढून घेतलेला चोथा, आणि शिळ्या भातात ते सत्त्व सगळं शिल्लक असतं. पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच विचारावर घरगुती छोटी टाकी बनवली आणि २००६ मध्ये त्या कामाला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पण जे अन्न लवकर गॅस देतं, तेच लवकर बिघडतंही.

सप्टेंबरात महालक्ष्म्या आल्या. घरी चाळीस पानं. संध्याकाळी पुरण, कढी, भात, मोडलेल्या पोळ्या मिळून पंधरा-सोळा किलो उरलं आणि मी 'काहीही टाका' लक्षात ठेवून सगळं एका दमात टाकीत ओतलं. दुसऱ्या दिवशी टाकी इतकी वर आली की कडेने बुडबुडे फुटत होते. शेजारणीला बोलावून दाखवलं मी! तिसऱ्या दिवशी शेगडी पेटेना. टाकीजवळ गेलं की नेहमीचा शेणकट वास नाही, नासलेल्या ताकासारखा आंबट भपकारा.

झालं असं की आत काम दोन पाळ्यांत चालतं, सातपूरच्या कंपनीत चालतं तसं. पहिली पाळी अन्नाचं आम्ल करते, दुसरी त्या आम्लाचा मिथेन करते. पहिली झपाट्याने हात चालवते, दुसरी आपल्या चालीने. पुरणासारखा गूळ-डाळीचा ढीग एकदम आला की पहिलीचा माल साचतो आणि त्या आम्लातच दुसरी गारठते. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या, पट्ट्या आणल्या. पट्टीने साडेपाचचा रंग दाखवला, तिथे सातच्या आसपास हवा. दहा दिवस टाकीला उपास घातला, चुन्याची निवळी थोडी थोडी सोडली, दोन घमेली ताजं शेण घातलं. एकोणिसाव्या दिवशी ज्योत परत आली. तेवढे दिवस खरकटं पुन्हा घंटागाडीत, आणि गाडीवाल्याचं 'काय ताई, गॅस संपला का?' रोज ऐकायचं.

यंदाच्या महालक्ष्म्यांना उरलेलं झाकणाच्या बादल्यांत ठेवलं, आठवडाभर वाटून घातलं. काही बिघडलं नाही.

काय टाकत नाही ते एकदाच सांगते. लिंबू-संत्र्याची सालं भरपूर पडली की जिवाणूंना बाधतात. हाडं, अंड्याची टरफलं, नारळाची शेंडी कुजत नाही, नुसती टाकीत साचते. कांद्याची टरफलं वर तरंगून जाड साय धरतात आणि वरची टाकी अडकते. आपल्याकडे कांद्याला तोटा नाही, म्हणून हे विशेष. भांड्यांचं साबणाचं पाणी तर चुकूनही नाही. कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा फिनेलची बादली तिकडेच रिकामी करायला घेतली होती, मी ओरडले म्हणून वाचलं. आणि गणपतीत शेजारचे हौसेने निर्माल्य आणून देतात, त्यातला हाराचा दोरा प्रत्येक वेळी आपल्यालाच काढावा लागतो.

आता थंडीबद्दल. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. या जिवाणूंना तीस ते चाळीस अंशांची ऊब लागते आणि नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. एरवी दिवसाला दीड तास चालणारी शेगडी पस्तीस-चाळीस मिनिटांवर आली. मग टाकीला गोणपाट गुंडाळलं, वरून काळी ताडपत्री, कचरा सकाळऐवजी उन्हं आल्यावर दुपारी, तोही कोमट पाण्यात कालवून. पंचावन्न मिनिटांपर्यंत गाडी आली, त्यापुढे नाही. उलट मे महिन्यात दोन-सव्वादोन तास सहज मिळायचा. त्या दिवसांत छोले-राजमा सगळा याच गॅसवर शिजवला.

शेगडीबद्दल. गॅस कंपनीची शेगडी यावर चालत नाही, मोठ्या भोकाचा वेगळा बर्नर लागतो, कारण या गॅसला दाब कमी आणि त्यात मिथेन साधारण साठ टक्केच. दाब वाढवायला वरच्या टाकीवर चार विटा ठेवल्या आहेत. डाळ, भात, दूध, अंघोळीचं पाणी उत्तम होतं. पोळ्या नाही. तवा हवा तसा तापत नाही आणि तीस डब्यांच्या पोळ्या रेंगाळत करून चालत नाही. दिवसा उजेडात ज्योत दिसत नाही, मी एकदा विझली समजून हात नेला आणि चटका घेतला. पावसाळ्यात ज्योत लुकलुकायला लागली तेव्हा वाटलं पुन्हा टाकी बिघडली. खिडकीपाशी पाइपला झोळ आला होता आणि त्यात पाणी साचलं होतं, बस. प्लंबरने तिथे तीन तोंडांचा टी-जोड लावून बूच बसवून दिलं, आता आठवड्याला बूच काढून वाटीभर पाणी सोडते. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. पाइपच्या वाटेत बाटली बसवून तिच्यात लोखंडी तारेचा गुंता कोंबला. स्टीलची घासणी नको, गंजणारं लोखंडच हवं, तोच गंज वास धरतो.

पैशांचा हिशोब. माझे दोन महिन्यांत १९ किलोचे सहा सिलिंडर जायचे, आता पाच जातात. चौदा महिन्यांत थंडी आणि पुरणाचा घोटाळा वजा जाता सहा सिलिंडर वाचले. अठराशेने धरले तरी अकरा हजारांच्या आत. म्हणजे पैसे फिटायला साडेचार वर्षं. घरात चारच माणसं असतील आणि कचरा किलोभर निघत असेल तर केवळ बचतीसाठी ही टाकी घेऊ नका, आयुष्यभर फिटणार नाही. खानावळ, वसतिगृह, मंगल कार्यालय यांनी मात्र जरूर बघावी. शहराच्या पातळीवर हेच काम विल्होळीच्या खतप्रकल्पाजवळ होतं. तिथे जर्मनीच्या मदतीने २०१७ मध्ये हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवून त्या गॅसवर वीज करायचा प्रकल्प सुरू झाला. आपण घरात मैल्याचं नाव काढलं तर सासूबाई शेगडीला हात लावणार नाहीत.

मळीचं मला आधी ओझं वाटलं होतं. पाण्यात निम्मी करून कढीपत्त्याला आणि गवती चहाला घालते, कढीपत्ता आता गच्चीला टेकलाय. मागच्या द्राक्षबागेचे काका आठवड्याला दोन कॅन नेतात. द्राक्षाला घालता का विचारलं तर म्हणाले, 'नाही गं, बागेवर प्रयोग नको, आधी मेथीवर बघतो.' मेथी चांगली आली म्हणून जुडी आणून दिली, पण बागेला अजून घातलेली नाही.

रोजचा वेळ वीस मिनिटं: कचरा बारीक करणं, दोरे-प्लास्टिक वेचणं, कालवून ओतणं, वरची टाकी एकदा गरकन फिरवणं. गावाला जायचं तर आठ-दहा दिवस उपाशी राहते, परत आल्यावर दोन दिवस कमी खाऊ घालायचं.

पलीकडच्या गल्लीत एका खानावळवाल्या ताईंनी आता अशीच टाकी घेतली. शेण मिळेना म्हणून काल माझ्याकडून दोन बादल्या विरजण घेऊन गेल्या. पुरणाचं सांगितलंय त्यांना. आणि बादल्या परत द्या, असंही.