जुन्या एमएक्स-५चे मागचे टायर आतून खाल्ले जातात तेव्हा: नवे कॅम बोल्ट आणि पॉली बुश, एका हिवाळ्यानंतर

गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.८ लिटर, टायर १८५/६० आर१४, मुक्काम ब्रिटन. तक्रार अशी की मागच्या दोन्ही टायरांची बाहेरची नक्षी निम्मी शिल्लक आणि आतली कड पार गुळगुळीत, त्यातही डावा टायर जास्त वाईट. मागच्या लोअर आर्मच्या (चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या) आतल्या टोकाला पॉलियुरेथेनचे बुश (सांध्यातले लवचीक अस्तर) आणि चारही कॅम बोल्ट (फिरवले की आर्म आत-बाहेर सरकवणारे) नवे घातले, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन नव्याने बसवले आणि आता हिवाळा सरला. निकाल चांगला आहे, पण श्रेय बुशपेक्षा बोल्टांचं जास्त.

आतली कड गेली की जो तो कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या उभ्या कलावर, खापर फोडतो. गाडी खाली बसवलेली नसेल तर खरा चोर बहुधा टो असतो, म्हणजे चाकाचं तोंड सरळ पुढे न राहता आत किंवा बाहेर वळणं. उणे दीड अंश कॅम्बरवर (चाक वरून आत कललेलं) ही गाडी खुशाल चालते. टायर आतून जरा लवकर उतरतात, एवढंच. टोचं गणित निर्दयी आहे. रिमची कड ते कड साधारण ३८० मिमी. तेवढ्यात एका चाकाचा टो ४ मिमीने चुकला, तर तो टायर दर किलोमीटरला सुमारे दहा मीटर आडवा घासला जातो. कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर असतो, म्हणून घासतेही तीच.

टायर उतरवण्याआधी तळवा नक्षीवरून आडवा फिरवा. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना धार बोचत असेल तर टो-इन (चाकाची पुढची बाजू आत) जास्त. उलट असेल तर टो-आउट (पुढची बाजू बाहेर). धार कुठेच नाही, नुसता उतार आहे, तर कॅम्बर. खड्डे-उंचवटे लागले तर शॉक अब्सॉर्बर किंवा बेअरिंग बघा. मधला पट्टाच गेला असेल तर हवा जास्त आहे: या गाडीला २६ पीएसआय लागते आणि टायरवाले सवयीने ३२ भरतात.

त्यानंतर ढील शोधायची. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. मागच्या चाकाला स्टीअरिंगचे जोड नसतात, त्यामुळे आडवी हालचाल जाणवली तर बेअरिंग किंवा बुश, तिसरं काही नाही. लोअर आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जिला जोडलेला असतो त्या चौकटीच्या) मध्ये छोटी पहार घालून दाबा. डाव्या बाजूच्या बुशचं रबर आतल्या नळीपासून सुटलेलं इथेच दिसलं. असा आर्म ब्रेक मारताना वेगळा टो दाखवतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की वेगळा. अलाइनमेंटच्या मशीनवर उभ्या गाडीचे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, येतात ते याचमुळे.

खरी डोकेदुखी बोल्टांची. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने कॅम बोल्ट बुशच्या पोलादी नळीला गंजून चिकटतात. नट सुटतो, बोल्ट फिरत नाही. लांब पान्याने जोर लावला की बोल्टाबरोबर नळीही फिरते आणि चांगलं रबरही फाटतं. उष्णतेने सुटला नाही तर बुश आणि ब्रॅकेटच्या फटीत करवतीचं पातं घालून दोन्ही बाजूंनी कापणं हाच मार्ग. त्यामुळे नवे बोल्ट, कॅम वॉशर आणि नट आधीच आणून ठेवा. बसवताना बोल्टाच्या दांड्याला अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारं वंगण) सढळ हाताने लावा. रबरी बुश घालणार असाल तर नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. लटकत्या आर्मवर आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

अलाइनमेंट डोरीनेही नीट होतं. अर्धी टाकी पेट्रोल, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी पोती (जेमतेम टनभराच्या गाडीत ते जाणवतं), आणि चाकांखाली ग्रीस लावलेल्या दोन-दोन फरश्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या डोऱ्या हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर आणि एकमेकींना समांतर हव्यात. डावी-उजवी अंतरं सारखी ठेवा, पण पुढचं आणि मागचं अंतर सारखं करू नका: मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) पुढच्यापेक्षा थोडा रुंद आहे. कॅम्बरला ओळंबा पुरतो. रिमवर एक अंश म्हणजे साधारण साडेसहा मिमी. एका आर्मचे दोन्ही कॅम एकाच दिशेने सारखे सरकवले की कॅम्बर बदलतो, एक आत आणि एक बाहेर केला की टो. आधी कॅम्बर, मग टो, मग पुन्हा कॅम्बर तपासा. इथे उणे १.५ अंश आणि एकूण ३ मिमी टो-इन ठेवलं, दोन्ही चाकांना समान वाटून. मागे टो-आउट चुकूनही नको, वळणात ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट बाहेर येते.

आता नव्या टायरांवर आत, मध्ये आणि बाहेर नक्षीची खोली मोजायचं गेज लावलं तर फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे. ब्रेक मारताना मागचा भाग वळवळायचा, तेही थांबलं. पॉली बुशची नकारात्मक बाजू: थंडी वाढली तशी कुरकुर सुरू झाली, बुश उघडून पुन्हा सिलिकॉन ग्रीस भरावं लागलं. खराब रस्त्यावर आवाजही थोडा वाढलाय. रोजच्या वापराला नवे रबरी बुश पुरेसे होते, असं माझं मत.

ब्रिटनचा किमान १.६ मिमी खोलीचा नियम नक्षीच्या मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीपुरताच आहे. त्यामुळे कड झिजत असताना गेज बिनघोर आकडा दाखवतं, आणि टायरच्या आतल्या तारा उघड्या पडल्या की गाडी एमओटीत (तिथल्या वार्षिक तपासणीत) नापास. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन मागच्या टायरची आतली बाजू खालून बघा. हबच्या खालचा लांब बोल्ट अजून जुनाच आहे. तोही याच गंजाचा धनी, आणि बेअरिंग बदलायची वेळ आली की तो कापावा लागेल.