तक्ता, मोबाइल, मॉन्टेसरी साहित्य की घरातल्या वस्तू? अवयव आणि इंद्रिये शिकवण्याच्या पर्यायांची तुलना

मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात दोन-तीन वर्षांच्या मुलाला अवयव आणि ज्ञानेंद्रिये शिकवायची म्हटली की पालक आधी भिंतीवर तक्ता लावतात. तक्ता स्वस्त असतो, जागा अडवत नाही आणि नावे पक्की करायला उपयोगी पडतो. मात्र स्वतःचे कोपर न ओळखणाऱ्या मुलाला चित्रातले कोपर दाखवून फारसे काही हाती लागत नाही. विकत घेताना जिभेचे चित्र जरूर पाहावे. गोड टोकाला, कडू मागे अशी वाटणी त्यावर दाखवली असेल, तर ती चुकीची आहे, कारण सगळ्या चवी जिभेच्या रुचिकलिका (चव ओळखणारे सूक्ष्म उंचवटे) असलेल्या सर्व भागांवर कळतात.

मोबाइलवरच्या व्हिडिओंत नाकाचे चित्र दिसते, पण वास येत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावा.

मॉन्टेसरी साहित्याची, म्हणजे मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीत मुलांनी हाताळून शिकण्यासाठी बनवलेल्या वस्तूंची, योजना खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. त्यातल्या गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत वाढत जातात. रंग आणि घन आकार तोच राहत असल्यामुळे मुलाचे लक्ष केवळ लहान-मोठेपणावर राहते. बालवाडीत ते असावेच. घरासाठी मात्र ते महाग पडते आणि ठेवायलाही जागा लागते. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांसह १९४५ पासून बोर्डीला बालशिक्षणाचे काम करताना परिसरात मिळणाऱ्या वस्तूंचाच आधार घेतला होता, हे येथे आठवते.

म्हणून घरापुरते माझे मत चौथ्या पर्यायाच्या, म्हणजे घरातल्या वस्तूंच्या, बाजूने आहे. डोळे मिटून हिंग, वेलची आणि कोथिंबीर वासावरून ओळखणे, तांदूळ व रवा बोटांनी चाचपणे, यांना खर्च नाही. माझ्या मुलीला मी दादरच्या फूलबाजारात नेले, तेव्हा तिने निशिगंध लगेच ओळखला. अबोलीचा गजरा मात्र तिने तीनदा नाकाशी नेला आणि ‘आई, हिला वासच नाही गं’ म्हणून माझ्या हातात दिला. नाकाला काहीच कळले नाही, हेही तिला त्या दिवशी नाकानेच कळले. लहान मुलांच्या घशात अडकू शकतात म्हणून अख्खे शेंगदाणे आणि चणे मात्र या खेळात ठेवू नयेत.

अवयवांच्या नावांसाठी अंघोळीची वेळ सर्वांत चांगली. करंगळीपासून वर चढत जाणाऱ्या आपल्या बडबडगीतात नाकाला ‘वासाचं नळकं’ म्हटले आहे, त्यामुळे अवयव आणि त्याचे काम एकाच शब्दात मुलापर्यंत पोहोचते. तक्ते बहुधा वगळतात त्या गुप्तांगांची नावेही याच वेळी, संकोच न करता, गुडघा किंवा टाच सांगावी तितक्याच सहजपणे सांगावीत. कोणी तेथे हात लावला तर मुलाला ते सांगण्यासाठी शब्द हवा. तक्ता त्यानंतर लावावा, आणि तोही मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.