दोन दिवसांत खाज थांबवणारं ‘जडीबुटीचं’ मलम

आठवडी बाजारात किंवा ओळखीतल्या कुणाकडून मलमाची डबी मिळते. वर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ लिहिलेलं असतं. घटक, परवाना क्रमांक, बॅच नंबर यांतलं काहीच नसतं. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, आणि तिथेच माणूस फसतो. इतक्या झटपट उतार पडला, तर त्यात क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टिरॉइड मिसळल्याचा संशय घ्यायलाच हवा.

बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, जांघेत बारीक पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कुणीतरी खाजवतंय, असं असेल तर ती बहुधा खरूज. कातडीत बीळ करून राहणाऱ्या किडीला शरीर जी प्रतिक्रिया देतं, ती ही खाज. स्टिरॉइड ती प्रतिक्रिया दाबतं, कीड मरत नाही. ती अंडी घालत राहते, पुरळाचं रूप बदलतं आणि डॉक्टरांनाही निदान अवघड जातं. मलम थांबवलं की खाज दुपटीने उसळते, म्हणून दुसरी डबी घेतली जाते. काही महिन्यांत जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे व्रण उमटतात. लहान बाळाला तर हे मलम मुळीच लावू नका.

खरुजेवर ५ टक्के परमेथ्रिन हे कीड मारणारं क्रीम चालतं. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. रात्री कोरड्या अंगाला मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बेंबीतही लावायचं, ८ ते १४ तासांनी अंघोळ करायची, आठवड्याने पुन्हा तेच. फक्त पुरळावर ठिपके लावून काही होत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसली तरी. पहिल्या लागणीत खाज सुरू व्हायलाच ४ ते ६ आठवडे जातात, म्हणून खाज नसलेला माणूस मलम लावत नाही. उपचार इथेच सर्वांत जास्त फसतो. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा. धुता न येणाऱ्या वस्तू आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा. बाळ आणि गरोदर बाईसाठी डॉक्टरांना विचारूनच.

कीड मेल्यावरही खाज २ ते ४ आठवडे टिकते. याच दिवसांत लोक कंटाळून पुन्हा डबीकडे वळतात.

बरेच दिवस ती डबी वापरली असेल तर फेकू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना सोबत न्या आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करतानाही तीच दाखवा.