दांडिया बाजारातलं मुलांचं वाचनालय: नातीसाठी लावलं, सहा महिन्यांचा अनुभव

माझी नात अकरा वर्षांची, इंग्रजी माध्यमात सहावीला. तिच्यासाठी जूनपासून बडोद्यात दांडिया बाजारातलं एक घरगुती वाचनालय लावलंय. जुन्या घराचा पहिला मजला, अरुंद लाकडी जिना, धरायला दोर. अनामत 500, महिन्याला 150, एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवसांसाठी. संध्याकाळी 4 ते 8, सोमवारी बंद.

लावायचं कारण सांगते. शाळेच्या ग्रंथालयात तिने ‘ब्रिज टू टेराबिथिया’साठी नंबर लावला होता. कुणा पालकांनी लिहून दिलं की यात मुलगी मरते, मुलं धसका घेतील. आठवड्याच्या आत पुस्तक कपाटातून गेलं. मी विचारायला गेले तर ‘तक्रार आली आहे’ एवढंच उत्तर. ज्या पालकांना हरकत होती त्यांनी आपल्या मुलाला देऊ नये, तो त्यांचा हक्क. माझ्या नातीचं त्यांनी का ठरवावं?

वाचनालयात ते पुस्तक होतं. पण वाचनालय चालवणाऱ्या काकूंनी लगेच हातात ठेवलं नाही. नातीला स्टुलावर बसवून म्हणाल्या, “यात जवळचं माणूस अचानक जातं. चालेल तुला?” ती म्हणाली, “माहितीये. म्हणूनच हवंय.” मग माझ्याकडे वळून, “आजी, आधी तुम्ही वाचा. आठ दिवस जास्त ठेवा, दंड नाही घेणार.” त्याच वेळी एक सात वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या कपाटातलं जाड पुस्तक घेऊन आला, त्याला त्यांनी सांगितलं, “हे पुढच्या दिवाळीत.” नाव वहीत लिहून ठेवलं. त्यांच्याकडे हरकतीची चिठ्ठीही आहे: पालकाने भरली की ते पुस्तक फक्त त्याच्या मुलाच्या कार्डावर मिळत नाही. कपाटातून ते हलत नाही.

मी वाचलं. कॅथरीन पॅटरसन यांची ही कादंबरी 1977 ची. त्यांच्या मुलाची मैत्रीण वीज पडून गेली, त्यातून लिहिलेली. 1978 मध्ये तिला बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं आणि 1990 च्या दशकात अमेरिकेत सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत ती वरच्या क्रमांकांवर होती. पदक देणारी आणि आक्षेपांची नोंद ठेवणारी संस्था एकच, अमेरिकन लायब्ररी असोसिएशन. आक्षेप मृत्यूवर, काही शब्दांवर, देवाचं नाव येतं त्या पद्धतीवर. मला स्वतःला दोन ठिकाणची भाषा खटकली, ते नाकारत नाही.

नात झोपाळ्यावर वाचत होती. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, कड्यांची करकर थांबली म्हणून बाहेर आले. मैत्रीण गेल्यानंतर कादंबरीतला मुलगा पॅनकेक खात बसतो आणि त्याची बहीण त्याला त्यावरून बोलते, त्या पानावर ती होती. बोट तिथेच ठेवून म्हणाली, “आजी, आजोबा गेले त्या दिवशी मी शेजारच्या काकूंकडे दोनदा खिचडी घेतली. मला रडू नाही आलं. मी वाईट आहे का गं?”

चौदा महिने ते लेकरू हे मनात घेऊन फिरत होतं. घरात आम्ही चौघं मोठी माणसं, एकालाही कळलं नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघी झोपाळ्यावर बसून खूप रडलो, मग तिच्या आजोबांच्या गोष्टी काढल्या. भाजी तशीच राहिली.

याच बडोद्यात 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून वाचनालयांचं जाळं उभं केलं. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत. त्या शहरात एका चिठ्ठीवर पुस्तक कपाटातून जातं, याचं मला फार दुःख होतं.

आता उणिवा. मराठीचं कपाट जुनं आहे. लहानांच्या गोष्टी भरपूर, पण अकरा ते चौदा वयाला पेलतील आणि टोचतीलही अशा मराठी कादंबऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नात मराठी वाचते, तिला मिळत नाही. गुजरातीचं कपाट त्या मानाने बरं. पावसाळ्यात खालच्या फळीला ओल येते. भरदुपारी फोन लागत नाही. पण प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, सुटलेली पानं शिवलेली, आणि काकूंनी स्वतः वाचल्याशिवाय एकही कपाटात जात नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. डिसेंबरचे पैसे भरून आलेय. जिन्यात दिवा लावा, एवढं मात्र काकूंना दोनदा सांगितलंय.