चौकोनांची परडी की माणसांचं तबक?

छिद्रांच्या नक्षीची भांडी म्हटलं की मला दोनच आठवतात. वास्तुकार योझेफ होफमाननं व्हिएन्नाच्या 'वीनर वेर्कश्टेट' या कलाकारागिरांच्या कार्यशाळेसाठी (स्थापना १९०३) रेखाटलेल्या जाळीच्या परड्या आणि इटलीतल्या अलेस्सी या भांड्यांच्या कंपनीचं १९८९चं 'जिरोतोंदो' तबक.

होफमानच्या परडीत ना वेल, ना फूल. नुसते छोटे, सारखे चौकोन, ओळीनं कापलेले. पत्रा कधी पांढरा रंगवलेला, कधी चांदीचा. त्या काळी वळणावळणांच्या सजावटीची चलती असताना त्यानं मोकळ्या जागेचीच नक्षी केली, हे मला फार मोठं वाटतं. अशी परडी खिडकीत ठेवली की उन्हं कलताना टेबलावर लांबुळके चौकोन पसरतात आणि आतल्या संत्र्यांचा रंग जाळीतून ठिपक्याठिपक्यानं दिसतो.

'जिरोतोंदो' म्हणजे मुलांनी धरलेला फेर. स्तेफानो जोव्हान्नोनी आणि ग्विदो व्हेंतुरिनी या 'किंग-काँग' नावाच्या डिझायनर जोडीनं स्टीलच्या काठात कागदी बाहुल्यांसारखी, हातात हात घातलेली माणसं कापली. लहान मूल त्या काठावरून बोट फिरवत माणसं मोजतंच.

रोजच्या वापराला तबकच बरं. ते १८/१० स्टीलचं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, १० टक्के निकेल; गंजायची धास्ती नाही. चांदीची जाळी काळवंडते, मग एकेका चौकोनाचे कोपरे मऊ ब्रशनं घासत बसा. रंगवलेल्या पत्र्याचा टवका उडाला की तिथून गंज धरतो.

तरीही दोन्हींतलं एकच ठेवायचं झालं, तर मी परडी ठेवीन. घासायला वेळ लागला तरी चालेल.