जामखेडचं आरोळे हॉस्पिटल: मामांच्या जयपूर फूटसाठी गेलो होतो, अनुभव लिहितेय

पाचपैकी पाच स्टार. का ते जरा सविस्तर लिहिते, कारण जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, कुठे बसवला म्हणून बरेच जण विचारतात आणि प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही.

मामांचा उजवा पाय शुगरमुळे गुडघ्याखाली काढावा लागला. ते ऑपरेशन दुसरीकडे झालं, तो मिशनचा, म्हणजे ख्रिस्ती संस्थेचा दवाखाना, नाव घेत नाही. तिथे भिंतीभिंतीवर बायबलमधली वचनं, सकाळी स्पीकरवर प्रार्थना, आणि खाली काउंटरवर डिपॉझिट भरल्याशिवाय ड्रेसिंग नाही. मामांना कोणी नावाने हाक मारली नाही, बेड नंबरनेच बोलायचे. आम्ही स्वतः ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातलेच, दर रविवारी उपासनेला जाणारे, त्यामुळे ते जास्तच लागलं मनाला.

मग कोणीतरी जामखेडचं सांगितलं. तिथल्या वर्कशॉपमध्ये माप घेणारा माणूस आधी हात धुऊन आला, मामांच्या समोर खाली फरशीवर बसला आणि त्यांचा कापलेला पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मामा धोतर ओढून ओढून पाय झाकत होते, घरी मामीलासुद्धा बघू देत नव्हते ते. त्याने घाई केली नाही, अंगठ्याने हळूहळू दाबत इथे दुखतं का, इथे कसं वाटतं असं विचारत राहिला, आणि मधेच शेती किती, खुरपायला उकिडवं बसता का, पावसात चिखलातून जावं लागतं का हेही विचारलं. मला वाटलं गप्पा मारतोय, पण ते सगळं पायासाठीच होतं. जयपूर फूटचं पाऊल रबरी असतं, त्यामुळे अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते, ओल्या रानातही चालतं, आणि माणूस रोज काय काम करतो ते कळल्याशिवाय पाय नीट बसवता येत नाही. मग प्लास्टरचा साचा घेतला. पहिल्यांदा पाय घातल्यावर गुडघ्याखाली घासत होतं, मामा लाजून सांगेनात, त्यानेच चेहऱ्यावरून ओळखलं आणि पाय उतरवून परत नीट करून दिला. दोन बारच्या मधून चालायची प्रॅक्टिस करून घेतली तेव्हा कितीतरी महिन्यांनी मामा मोठ्याने हसले.

जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, आम्ही ख्रिस्ती आहोत हे कळल्यावर वेगळी वागणूकही नाही. शेजारी बसलेल्या मुस्लिम मावशींना आणि तांड्यावरून आलेल्या कुटुंबाला जसं बघितलं तसंच आम्हाला. मला हेच सगळ्यात जास्त आवडलं.

थोडं मागचं सांगते, नवीन लोकांना माहीत नसतं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून शिकलेले, आधी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलला होते, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून आले आणि 1970 ला जामखेडला बसले, म्हणजे मनात आणलं असतं तर कुठेही राहू शकले असते. तेव्हा या भागात हजारामागे 176 बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आधीच जायची. नर्स खेड्यात राहायला तयार नव्हत्या, मग त्यांनी गावानेच निवडून दिलेल्या बायका घेतल्या, बऱ्याच जणी दलित, बऱ्याच अंगठेबहाद्दर, आणि त्यांना बाळंतपण, वजनं, जुलाबात साखर-मिठाचं पाणी, कुष्ठरोग ओळखणं सगळं शिकवलं. ट्रेनिंगला आलेल्या या बायका जामखेडला मुक्काम करायच्या, तेव्हा सगळ्यांना मिळून एकच भली मोठी गोधडी दिलेली, वरच्या जातीची असो नाहीतर दलित, थंडीत एकाच पांघरुणात झोपायचं. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी कितीतरी वेळ तिचाच विचार करत होते. जातीवर भाषण देणं सोपं आहे हो, हे सुचायला माणसावर खरंच प्रेम लागतं. हातपंपाचंही तसंच, पाणी दलित वस्तीतच शोधा म्हणून आरोळे अडून बसले, मग पाण्यासाठी अख्ख्या गावाला तिकडेच जावं लागलं.

1979 ला दोघांना मॅगसेसे मिळालं, पुढे आरोळे सरांना पद्मभूषण. मेबल मॅडम 1999 ला गेल्या, सर 2011 ला. नंतर मुलगी डॉ. शोभा आरोळे यांनी काम पुढे नेलं.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांसाठी हे मुद्दाम लिहितेय. आपल्याकडे नाताळच्या स्टेजला, साउंड सिस्टीमला वर्गणी पटकन जमते, विश्वास कोणाचा पक्का यावर कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, तासतास बोलणं होतं, पण मंडळीतल्याच एखाद्या म्हाताऱ्याला डायलिसिसला न्यायला कोण येतंय विचारलं की सगळे मोबाइलमध्ये बघतात. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला होता, लांबून वचन सांगून पाठवलं नव्हतं. ते मी चर्चमध्ये लहानपणापासून ऐकतेय, पण मामांचा पाय मांडीवर घेतलेला बघितला तेव्हा ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. युवक संघाची ट्रिप दरवेळी महाबळेश्वरलाच कशाला, एकदा जामखेडला न्या ना मुलांना.

आता जाणाऱ्यांसाठी. जामखेडला रेल्वे नाही, नगरपासून एसटीने साधारण पाऊणशे किलोमीटर, पेशंट असेल तर सकाळी लवकर निघा. शहरातल्या चकाचक हॉस्पिटलसारखं एसी लाउंज वगैरे शोधू नका, साधं आहे. पायासाठी जाणार असाल तर जखम पूर्ण भरलेली पाहिजे, नाहीतर माप घेता येत नाही, आणि शुगर कंट्रोलमध्ये ठेवा. ऑपरेशनचे कागद, शुगरचे रिपोर्ट सोबत ठेवा, आधी फोन करून कधी यायचं ते विचारा, एका चकरेत काम होईल असं धरून जाऊ नका. आणि पेशंट घरात घालतो तीच चप्पल बरोबर न्या, उंची त्यावरच बघून घेतलेली बरी.